सागवानाचे गोरेपण

वधूसंशोधनाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण छापावयास अलीकडे सुशिक्षित मंडळींना संकोच वाटू लागला असला, तरी तेवढ्यावरून गौरवर्णाविषयीची आमची पिढीजात आसक्ती संपुष्टात आली असे मानणे भाबडेपणाचे होईल. ती वधूवरून उठून फर्निचरावर जाऊन बसली, इतकेच. ज्या सागवानी तुळयांखाली आमच्या आजोबांची पिढी जन्मली, ज्याच्या पाटावर बसून ती जेवली आणि ज्याच्या झोपाळ्यावर बसून तिने शेजाऱ्यांविषयी मते बनविली, त्या सागवानाच्या तेलकट, तपकिरी, भारदस्त कांतीकडे पाहून आज घरोघरी ‘फार डार्क वाटतं, नाही?’ असा उद्गार निघतो, आणि बर्च, बीच, पाइन अशा, सूर्याची नीटशी ओळख नसलेल्या उत्तरेकडील फिकट झाडांचे गुणगान सुरू होते. विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत राहून घामाने निथळणाऱ्या माणसांना हिमप्रदेशातल्या लाकडाची एवढी ओढ का वाटावी, हा प्रश्न मी घरात एकदा विचारला. त्यास उत्तर मिळाले नाही, परंतु चहा उशिरा मिळाला.

आम्ही राहतो ते सिंगापुरातील क्वीन्सटाउन हे नावावरून तरी राजेशाही ठिकाण आहे. १९५३ साली एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला त्या निमित्ताने इंग्रजी अमदानीत त्याचे नामकरण झाले. शहरापासून वेगळी, स्वतःपुरती पूर्ण अशी ही या बेटावरील पहिली वसाहत, आणि १९६० साली गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाल्यावर तिचे उरलेले काम त्या मंडळाकडे आले. एका भागास प्रिन्सेस म्हणावे, दुसऱ्यास डचेस म्हणावे, मधून कॉमनवेल्थ नावाचा हमरस्ता जावा, अशा या खानदानी टापूत आमच्या सदनिकेतील एकमेव खानदानी वस्तू म्हणजे सासऱ्यांचे सागवानी टेबल. साताऱ्याहून ते जहाजाने आले, आणि त्याच्या वाहतुकीस जो खर्च आला त्यात येथे नवे टेबल आणि त्यावर महिनाभर पुरेल इतके जेवण आले असते, हे मी कोणासही सांगत नाही. परंतु १९९५ सालापासून याच क्वीन्सटाउनात अलेक्झांड्रा रस्त्यावर एक प्रसिद्ध स्वीडिश दुकान उभे आहे. आमच्या सौभाग्यवती तेथे दर पंधरवड्यास जातात, आणि येताना एक मेणबत्ती आणि पुष्कळसे असमाधान घेऊन येतात.

त्यांच्या असमाधानास यावेळी सबळ कारण सापडले होते. टेबलाच्या ऐन मध्यभागी, पाहुण्याची दृष्टी प्रथम जेथे जावी तेथेच, एक काळेकुट्ट वर्तुळ उमटले होते. त्याचा रीतसर पंचनामा झाला. सासूबाईंनी जबानी दिली की टेबल साताऱ्याहून निघाले तेव्हा ते निष्कलंक होते. सौभाग्यवतींनी जबानी दिली की हा डाग त्यांच्या लग्नाआधीपासूनचा आहे. चिरंजीवांनी ‘मी शाळेत होतो’ एवढेच सांगून जन्मापासूनच्या सर्व गुन्ह्यांतून एकदम मुक्तता करून घेतली. माझी जबानी कोणी मागितलीच नाही, कारण स्वयंपाकघरात मी फिरकत नाही हे सर्वांस ठाऊक होते. वर्तुळाचा घेर मात्र घावनाच्या बिडाच्या तव्याशी तंतोतंत जुळत होता. सागवानात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ओल्या लोखंडाचा अंश त्यास मिळाला की दोघांचा संयोग होऊन काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे शाई करीत ती याच न्यायाने. म्हणजे ज्या द्रव्याने दफ्तरखान्यात कारकुनांनी वर्षानुवर्षे जमाबंदी लिहिली, त्याच द्रव्याने आमच्या तव्याने टेबलावर आपला शिक्का उठवून ठेवला होता.

हा शिक्का पुसून, त्याच खर्चात सबंध टेबल थोडे ‘उजळ’ करून द्यावे, असा ठराव होत असतानाच कोथरूडहून आमचे मेहुणे महिनाभरासाठी आले. आमचे मेहुणे हे स्वस्थ बसण्यास सर्वथा असमर्थ असे गृहस्थ आहेत. परक्याच्या घरी गेले तरी तासाभरात ते कोणत्या ना कोणत्या नळाखाली आडवे झालेले आढळतात. आयुष्याकडे पाहण्याचे त्यांचे सगळे तत्त्वज्ञान ‘काही होत नाही’ या तीन शब्दांत सामावले आहे, आणि हे तीन शब्द त्यांनी आजवर विजेचा झटका बसण्यापूर्वी, शिडी घसरण्यापूर्वी आणि दुधाखालचा गॅस मोठा ठेवून फोन घेण्यापूर्वी उच्चारलेले मी स्वकर्णांनी ऐकले आहेत.

त्यांनी एका रात्रीत विषयाचे अध्ययन केले आणि सकाळी न्याहारीच्या वेळी त्याचे निरूपण केले. लाकडाचे विरंजन करणारी द्रव्ये मुख्यतः तीन जातींची असतात. पहिले क्लोरीनचे, म्हणजे आपण कपड्यांना आणि फरशीला वापरतो ते. ते लाकडावर चढविलेला रंग किंवा सांडलेल्या सरबताचा डाग घालविते, पण लोखंडाच्या काळ्या डागापुढे हात टेकते. दुसरे ऑक्झॅलिक आम्ल. हे खास लोखंडाच्या डागाचे औषध. आणि तिसरे दोन बाटल्यांचे, एकीत कॉस्टिक सोडा आणि दुसरीत तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. हे लाकडाचा जन्मजात रंगच उडवून टाकते. येथवरचे विवेचन निर्दोष होते. परंतु उपम्याचा शेवटचा घास गिळून मेहुणे पुढे म्हणाले, “तिन्ही एकत्रच लावू या.”

“एकत्र?” मी विचारले.

“हिरडा, बेहडा, आवळा एकत्र केले की त्रिफळा होतो ना, भावोजी? गुण तिपटीने वाढतो.”

“अरे, पण क्लोरीनच्या पाण्यात आम्ल पडलं तर वायू सुटतो म्हणतात.”

“तुमचं हे नेहमीचंच. खिडकी उघडी ठेवू. काही होत नाही.”

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मोठा हल्ला केला, त्यासाठी त्यांना हजारो नळकांडी खंदकांत आणून बसवावी लागली आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहत दिवसच्या दिवस काढावे लागले. एवढी प्रचंड लष्करी तजवीज आमचे मेहुणे एका लाल बादलीत, उपम्यानंतर आणि आंघोळीपूर्वी, उरकावयास निघाले होते. यात अतिशयोक्ती फक्त परिमाणाची आहे, वायू तोच. कपड्यांच्या ब्लीचमध्ये कोणतेही आम्ल पडले, मग ते ऑक्झॅलिक असो, संडास धुण्याचे असो वा नुसते व्हिनेगर असो, की हा हिरवट-पिवळा वायू सुटून छाती कोंडते. आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे पाणी पडले तर क्लोरॅमाइन नावाचा त्याचा दुसरा भाऊबंद बाहेर येतो. हे सर्व मी मेहुण्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि ‘तुम्ही फार वाचता’ असा अभिप्राय दिला.

खरेदीसाठी आम्ही इमारतीखालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर बसलेले चिनी गृहस्थ, ज्यांना आमच्यासकट सगळी वसाहत नुसते ‘अंकल’ म्हणते, ते वर्तमानपत्र वाचीत होते.

“पेरॉक्साइड. स्ट्राँग वन,” मेहुणे म्हणाले.

“हाऊ स्ट्राँग?”

“थर्टी-फाइव्ह पर्सेंट.”

अंकलनी वर्तमानपत्र खाली ठेवले, चष्मा कपाळावर चढविला आणि मेहुण्यांना आपादमस्तक न्याहाळले. “पोलीस लायसन्स हॅव?”

सिंगापुरात २० टक्क्यांहून तीव्र पेरॉक्साइडची गणना स्फोटकांच्या कच्च्या मालात होते आणि ते बाळगावयास पोलिसांचा परवाना लागतो, ही माहिती कोथरूडपर्यंत पोहोचलेली नव्हती. जन्मभरात नगरपालिकेच्या पाणीपट्टीपलीकडे सरकारशी ज्यांचा संबंध आला नाही, अशा त्या गृहस्थांच्या मुद्रेवर क्षणार्धात काशीयात्रेस निघालेल्या वृद्धाचे निष्पाप भाव उमटले. मी मधल्या काळात खिळ्यांच्या कप्प्यापाशी जाऊन एक इंची आणि दीड इंची खिळ्यांतील भेदाचे मन लावून निरीक्षण करू लागलो होतो. या गृहस्थांशी माझा परिचय आहे असे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येऊ नये अशी माझी प्रामाणिक इच्छा होती. अशा रीतीने त्रिफळ्यातला एक घटक कायद्यानेच वगळला गेला. अंकलनी मग ऑक्झॅलिक आम्लाची पिशवी पुढे केली, पण मेहुण्यांनी हात लांब करताच ती मागे घेतली आणि आधी कोपरापर्यंत पोहोचणारे रबरी हातमोजे गल्ल्यावर आपटले. “ग्लव्ह्ज फर्स्ट. दॅट वन आय्ज,” असे म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी बंद असा एक चष्माही त्यावर ठेवला. “नो ग्लव्ह्ज, नो सेल, ला.” इतका निग्रही दुकानदार मी आजवर फक्त पुण्यात पाहिला होता, पण त्या निग्रहाचे प्रयोजन निराळे असे.

मेहुण्यांचे म्हणणे, तोंडाला मास्क लावला की सर्व बंदोबस्त झाला. मास्क घरात विपुल होते. करोनाच्या काळात या देशात त्यांचा इतका साठा झाला की ते काढून टाकण्यास लोकांना अजून धीर होत नाही. परंतु तो पातळ कापडी मास्क भुकटी थोडीबहुत अडवितो, वायूला मात्र तो ‘या, बसा’ म्हणतो. त्यासाठी वेगळ्या डब्यांचा मुखवटा लागतो आणि उघडी हवा तर लागतेच लागते. माझ्या स्वतःच्या तयारीविषयी म्हणाल तर मी स्वतःस सुरक्षाधिकारी नेमून घेतले. या पदाचे मुख्य कर्तव्य म्हणजे धोक्याच्या जागेपासून पुरेसे दूर उभे राहून पत्रकावरील सूचना मोठ्याने वाचणे. ते मी दाराच्या आडून, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून, उत्तम प्रकारे पार पाडले. वाफेने आतला चष्मा धुरकट होऊन अक्षरे दिसेनाशी झाल्यावरही मी वाचन थांबविले नाही.

यानंतर जागेचा प्रश्न उद्भवला. न्हाणीघर बंदिस्त, म्हणून बाद. घराबाहेरच्या सार्वजनिक मार्गिकेत किमान १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी लागते आणि टेबल ठेवल्यावर तेथून फक्त मांजर जाऊ शकले असते. राहिली ती स्वयंपाकघराच्या मागील खिडकी. पण तिच्या खाली, क्वीन्सटाउनच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, मजल्यामजल्यावरून बांबूच्या काठ्या बाहेर आलेल्या आणि त्यांवर सर्व जातिधर्मांचे कपडे वाळत पडलेले. खालच्या मजल्यावरील मलायी काकूंचा ईदचा जांभळा पोशाख नेमका त्या दिवशी काठीवर होता.

“एखादा थेंब पडला तर?” सौभाग्यवती म्हणाल्या.

“ताई, पडला तर तेवढा भाग उजळेल. काही होत नाही.”

शेवटी सर्व काही दिवाणखान्याच्या खिडकीशी, पंखा खोलीतली हवा बाहेर फेकील असा उलटा लावून, खाली जुनी प्लास्टिकची चादर अंथरून करावयाचे ठरले. येथपर्यंत येईतो दोन दिवस वाद, एक गडगडाटी पाऊस आणि डासनिर्मूलनाची एक भेट एवढे व्यत्यय येऊन गेले होते. त्यांचा तपशील देत नाही.

आता या प्रकरणातल्या मुख्य व्यक्तीकडे वळावयास हवे. माझी पत्रके, अंकलचा निग्रह आणि सौभाग्यवतींचा संताप या तिहींनी मेहुण्यांच्या हातात जे मोजे चढले नाहीत ते चढविले सासूबाईंनी, आणि तेही रसायनशास्त्राचा एक शब्द न उच्चारता. त्या इतका वेळ कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. माझे वाचन संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “जावईबापू, म्हणजे अंगावर वेगळे कपडे, वेगळी भांडी, मध्ये कुणी शिवायचं नाही, काम होईपर्यंत खायचं-प्यायचं नाही, आणि झाल्यावर हात-पाय धुऊन आंघोळ. असंच ना?”

“होय, तसंच.”

“मग सोवळं म्हणा की! एवढं इंग्रजी कशाला वाचताय मघापासून?”

साठ वर्षे नैवेद्याचा स्वयंपाक केलेल्या त्या माउलीने पुढच्या घटकेत घराचा ताबा घेतला, आणि जगातील यच्चयावत कारखान्यांच्या सुरक्षाधिकाऱ्यांनी येऊन धडे गिरवावेत असा कारभार सुरू झाला. मेहुण्यांना जुना पूर्ण बाह्यांचा सदरा देण्यात आला. मेहुण्यांनी तांब्याचे घंगाळ पुढे आणताच त्यांच्या हातावर चापटी बसली. “आंबट आहे ना ते? बिनकल्हईच्या भांड्यात ताकसुद्धा कळकतं, हे तर आम्ल! काच नाहीतर प्लास्टिक आण.” हे अक्षरशः खरे आहे, विरंजनाच्या कोणत्याही द्रव्यास धातूचे भांडे वा लोखंडी काथ्या चालत नाही, आणि पेरॉक्साइडचा तर धातूशी संबंध आला की ते खवळून उठते. पाण्यात पूड घालावी, पुडीवर पाणी ओतू नये, हेही त्यांस सांगावे लागले नाही. एका दिवशी एकच द्रव्य, आणि लाकूड स्वच्छ धुऊन वाळल्याखेरीज दुसऱ्याचे नाव काढावयाचे नाही, हा नियम त्यांनी खरकट्याच्या शास्त्रावरून काढला. “आधीच्याचं खरकटं राहिलं असलं तर नवं त्यात कालवायचं नाही. बास.” ईप्रची लढाई त्या वाक्याने टळली.

ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे अळू खाजवितो त्याच कुळातले, हे कळल्यावर तर त्यांचा आत्मविश्वास द्विगुणित झाला. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून तर त्यास चिंच लावावी लागते. आणि मूतखडे बहुधा होतात तेही याच द्रव्याचे. “मग हाताला तेल लावून चालेल?” त्यांनी विचारले. चालत नाही, येथे रबरी मोजेच हवेत. सासूबाईंनी मोज्यांकडे संशयाने पाहिले, उलटेपालटे केले, त्यांत पाणी भरून कोठे गळते का ते तपासले, आणि मगच ते चिरंजीवांच्या, म्हणजे त्यांच्या पन्नाशीच्या चिरंजीवांच्या, हातांत चढविले. मोज्यांत पाणी भरून पाहण्याची ही युक्ती मी कोणत्याही पत्रकात वाचली नव्हती.

मेहुण्यांनी बंड केलेच नाही असे नव्हे. आदल्या रात्री सर्व निजल्यावर त्यांनी कपड्यांचे ब्लीच टेबलाच्या खणाच्या तळाशी ‘नुसते पाहावे म्हणून’ लावले होते, आणि त्यासाठी माझा दाढीचा ब्रश वापरून तो त्याच द्रवात बुडवून ठेवला होता. प्राण्याच्या केसांचा ब्रश असल्या द्रवात ठेवू नये, कृत्रिम तंतूंचा वापरावा, याचे कारण सकाळी पेल्यात दिसले. केस नव्हते. फिकट, बुळबुळीत असे काहीतरी तळाशी होते आणि वर हस्तिदंती रंगाची मूठ एकटीच तरंगत होती. खणाच्या तळाच्या लाकडात यत्किंचित फरक पडलेला नव्हता. मेहुण्यांच्या निळ्या पँटीवर मात्र नक्षत्रमालिका उमटली होती, आणि त्यायोगे क्लोरीन हे चढविलेला रंग घालविते, हा सिद्धांत सप्रमाण सिद्ध झाला.

“खण नळाखाली धुऊन काढ,” सासूबाई म्हणाल्या, “आणि आजचा दिवस कशालाही हात लावू नकोस.”

“आई, अगं काही हो—”

“तुझ्या मेहुण्यांची दाढी व्हायचीय.”

दुसऱ्या दिवशी खरे काम झाले, आणि खरे काम नेहमीप्रमाणे अगदी नीरस निघाले. लिटरभर गरम पाण्यात ८० ते १०० ग्रॅम पूड विरघळवून ते पाणी केवळ डागावर न लावता टेबलाच्या सबंध पृष्ठभागावर एकसारखे लावावयाचे असते, नाहीतर काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरे वर्तुळ येऊन बसते. मेहुणे ब्रश फिरवू लागले. प्रथम काहीच झाले नाही. मग तव्याच्या शिक्क्याची कडा विटू लागली, काळ्याचे करडे झाले, करड्याचे पुसट, आणि चहा होऊन कपबश्या विसळून होईतो (हा चहा अर्थातच शेजारच्या खोलीत झाला) तेथे आधी काय होते ते दाखविण्यासाठी बोट ठेवावयास जागाच राहिली नाही. आमच्या घरात कोणतीही गोष्ट पत्रकात लिहिल्याप्रमाणे घडावी, हे इतके अभूतपूर्व होते की काही काळ कोणीच बोलले नाही.

टेबल वाळल्यावर त्यावर साखरेच्या कणांसारखे चमचमते स्फटिक राहिले. मेहुण्यांनी ताबडतोब पॉलिशपेपर काढला. हीच ती घटका, जेव्हा सावध माणसेही गाफील राहतात. द्रव ओला असतो तोवर सगळे त्यास भितात, वाळला की संपले असे समजून कोरडेच घासतात, आणि ती विषारी भुकटी नाका-घशात जाते. मेहुण्यांनी जेमतेम दोन हात मारले असतील तोच त्यांना आणि सुरक्षाधिकाऱ्यांना अशा काही शिंका सुटल्या की समोरच्या घरातील निवृत्त सुतार अंकल दार उघडून पाहावयास आले. “वॉश फर्स्ट, सँड लेटर,” ते म्हणाले, आणि ज्याने आयुष्यभर रंधा मारला त्या माणसाने असे म्हटल्यावर पॉलिशपेपर परत पिशवीत गेला. मग खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून आम्लाचा उरलासुरला अंश मारावयाचा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावयाचे. ढोकळ्यासाठी आणलेला सोडा टेबलावर फसफसून जाताना पाहून सासूबाईंना झालेले दुःख मात्र सोवळ्याच्याही पलीकडचे होते. (कॉस्टिक सोड्याचे काम केलेच असते तर त्यावर उलट व्हिनेगर लागले असते, म्हणजे निदान ढोकळा वाचला असता.)

परंतु सर्वांत मोठे संकट यानंतर आले, आणि त्याचा कर्ता मेहुणे नव्हेत, तर आपल्या समाजाच्या रक्तात भिनलेली रिकाम्या बाटलीविषयीची माया. मराठी घरात बाटली टाकून देत नाहीत. तिचे झाकण शाबूत असेल तर ती कोठेतरी, केव्हातरी, कशालातरी उपयोगी पडेल, या श्रद्धेवर आमच्या ओट्याखालचा अंधार उभा आहे. उरलेले आम्लाचे पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून सौभाग्यवतींनी कोकम सरबताच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, ती ओट्यावर ठेवली. आणि पिशवीतली उरलेली पूड, जी दिसावयास हुबेहूब साखर, ती काचेच्या बरणीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हे आम्ल जुलाबाचे मीठ समजून पिऊन पुष्कळ माणसे दगावली. त्या काळच्या औषधविक्रेत्यांकडे निदान अंधूक दिव्यांची सबब होती. काही ग्रॅम पोटात गेले तरी मूत्रपिंडांवर आणि प्राणांवर बेतते, असे हे द्रव्य, आणि आमच्या चिरंजीवांची शाळेतून येताच दिसेल ती बाटली तोंडाला लावण्याची पद्धत.

सासूबाईंनी बाटली पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातमोजे चढविले, बाटलीतील पाणी सोडा घालून, फसफसणे थांबेपर्यंत थांबून, भरपूर पाण्याबरोबर ओतून दिले, बाटली ठेचून कचऱ्यात टाकली, आणि पूड परत तिच्या मूळ पिशवीत घालून ती पिशवी एका रुंद तोंडाच्या डब्यात ठेवली. डब्यावर त्यांनी तांबड्या शाईने लिहिले: ‘विष. चाखू नये.’ मग त्यांच्या लक्षात आले की आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंना मराठी वाचता येत नाही. तेव्हा चिरंजीवांनी इंग्रजीत, सुतार अंकलनी चिनीत, खालच्या मलायी काकूंनी मलायीत आणि चौथ्या मजल्यावरच्या परिचारिकेने तमिळमध्ये तीच सूचना खाली लिहून दिली. सिंगापूरच्या चारही राजभाषा एका डब्यावर आल्या, आणि त्यांच्या वर, अग्रस्थानी, मराठी. डबा वरच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला आहे. डोळ्यांत काही उडालेच तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे डोळे धरावयाचे आणि ९९५ क्रमांक फिरवावयाचा, ही चिठ्ठी नळावर चिकटविलेली आहे. ती माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि या साऱ्या उद्योगातील माझा एवढाच लेखी पुरावा.

टेबल आता सुरेख दिसते. काळे वर्तुळ गेले, पिढ्यांचा मळ निघाला आणि आतून मधासारख्या रंगाचे सागवान वर आले. ते गोरे झाले नाही. ऑक्झॅलिक आम्ल कोणाचा जन्मजात वर्ण बदलत नाही. सौभाग्यवतींनी ते डोळे भरून पाहिले, पुन्हा डाग पडू नये म्हणून त्यावर जाड टेबलक्लॉथ घातला, टेबलक्लॉथ मळू नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घातले, आणि त्यानंतर ते लाकूड कोणीही पाहिलेले नाही. मेहुणे कोथरूडला परत गेले असून तेथे देव्हारा उजळवावयाच्या विचारात आहेत. पुण्यात पेरॉक्साइडला परवाना लागतो का, अशी त्यांनी विचारणा केली आहे. मी उत्तर पाठविलेले नाही, सासूबाईंनी पाठविले आहे.

डब्यात आम्लाची अर्धी पिशवी अद्याप शिल्लक आहे. क्वीन्सटाउन वा आसपासच्या कोणा मराठी कुटुंबास तव्याचा डाग काढावयाचा असल्यास त्यांनी ती सासूबाईंकडून संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी घेऊन जावी. येताना हातमोजे घालून यावे, आणि सरबताची बाटली आणू नये.